ओकिनावातले अमेरिकन सैनिक : त्यांच्या स्वयंसेवेची दखल घ्यायची की नाही?

सागरवेडा (धागाकर्ता)
ओकिनावा म्हणजे जपानच्या दक्षिणेकडची बेटं, जिथे अमेरिकेचे लष्करी तळ आहेत. तिथली बातमी आपल्यापर्यंत येते ती गुन्ह्याची नाहीतर अपघाताचीच. तिथले मरीन (अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाचे सैनिक) सुट्टीच्या दिवशी किनारे साफ करतात, शाळेतल्या मुलांशी इंग्रजीत गप्पा मारायला जातात, वृद्धाश्रमात मदत करतात, हे फारसं कुणी सांगत नाही. मार्च २०११ च्या जपानमधल्या त्सुनामीनंतर ‘तोमोदाची’ (म्हणजे मित्र) मोहिमेत सुमारे २४,००० अमेरिकन सैनिक होते. ईशान्य जपानमधल्या केसेन्नुमा शहराजवळच्या ओशिमा बेटाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला होता. तिथे ढिगारे उपसणारे मरीन ओकिनावाच्याच तळांवरचे. त्याच उन्हाळ्यात त्यांनी ओशिमाच्या मुलांना ओकिनावाला बोलावून आपल्या घरी ठेवून घेतलं. हीसुद्धा ‘अमेरिकन सैनिक’च ना? काही जणांच्या गुन्ह्यापायी सगळ्यांना एका मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

रेवा_क
असहमत. ओशिमाकरांची कृतज्ञता खरी, पण त्यांच्या डोक्यावरून रोज हेलिकॉप्टर जात नाहीत. जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर, म्हणजे ओकिनावात, देशातल्या, फक्त अमेरिकन सैन्याच्या वापरातल्या तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे.

१३ डिसेंबर २०१७ चं सांगते. ओकिनावातल्या गिनोवान शहरात फुतेन्मा या अमेरिकन हवाई तळाच्या कुंपणाला लागून एक प्राथमिक शाळा आहे. मैदानावर मुलांचा खेळाचा तास चालू होता. वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरची खिडकी चौकटीसकट निसटून मैदानात आदळली. वजन ७.७ किलो. एका मुलाला खडा उडून लागला, तेवढ्यावर निभावलं. पुढे कित्येक महिने हेलिकॉप्टर जवळ आलं की खेळ टाकून मुलांनी आडोशाला पळायचं, असं शेकडो वेळा झालं. त्या मुलांच्या आयांना किनारा स्वच्छ केल्याचं काय सांगणार?

पायवाट
रेवाताई, खिडकी पडली हा अपघात झाला, त्याला सैनिकांचं वर्तन कसं म्हणायचं? धागा वर्तनावर आहे.

रेवा_क
मग वर्तनावरच बोलू. सप्टेंबर १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी १२ वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन तिच्यावर बलात्कार केला. २१ ऑक्टोबरच्या निषेध सभेला ८५,००० लोक जमले, असं आयोजकांनी सांगितलं. लोक पेटले ते गुन्ह्यामुळे, आणि तितकेच पुढे जे झालं त्यामुळे. जपानमधल्या अमेरिकन सैनिकांबाबतच्या १९६० च्या जपान-अमेरिका करारानुसार संशयित अमेरिकनांच्या ताब्यात असतील, तर आरोपपत्र दाखल होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहतात. जपानी पोलिसांकडे अटक वॉरंट होतं, तरी त्यांना थांबावं लागलं. इतका क्षोभ झाल्यावर अमेरिकेने काय दिलं? खून आणि बलात्काराच्या प्रकरणांत आधी ताबा देण्याचा ‘सहानुभूतीने विचार’ करण्याचं आश्वासन. कराराचा मजकूर तसाच राहिला. आणि कामावर असताना केलेल्या गुन्ह्यात खटल्याचा पहिला हक्क आजही अमेरिकेचाच.

स्वयंसेवा सैनिक आपल्या मर्जीने करतात, चांगलंच आहे. पण जाब विचारायचा हक्कही त्यांच्याच मर्जीवर राहावा, हे मला मान्य नाही.

पायवाट
कराराचं पटतं. पण स्थानिक पेपर एकतर्फीच लिहितात. खिडकी पडली त्याच डिसेंबरात (२०१७) ओकिनावात द्रुतगती मार्गावर अपघात झाला होता. मदतीला थांबलेला एक मरीन गाडीच्या धडकेने गंभीर जखमी झाला. त्याने जपानी माणसाला वाचवलं आणि स्थानिक पेपरांनी ते छापलं नाही, असं मी वाचलंय.

उत्तररात्र
तुम्ही वाचलंत ती बातमी मागे घेतली गेली आहे. सान्केई वृत्तपत्राने ती दिली होती आणि न छापल्याबद्दल ओकिनावातल्या दोन्ही वृत्तपत्रांवर तोंडसुख घेतलं होतं. त्यांपैकी र्युक्यू शिम्पोने पोलिसांकडे विचारणा केली, तेव्हा वाचवल्याच्या गोष्टीला दुजोरा मिळाला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सान्केईने बातमी मागे घेऊन माफी मागितली.

मला वाईट वाटतं ते त्या मरीनचं. तो खरंच गंभीर जखमी झाला होता. त्याच्या जखमांचा उपयोग दुसऱ्यांनी ओकिनावाच्या पत्रकारांना झोडपायला केला. मदतीची गोष्ट अशी वापरली जाते, म्हणून तिथल्या लोकांना तिचा संशय येतो.

सागरवेडा
उत्तररात्र, हे मला ठाऊक नव्हतं. एक मात्र अजूनही म्हणेन. किनाऱ्यावर पिशवी घेऊन कचरा वेचणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोराने तो करार लिहिलेला नाही. त्याचं काम त्याच्या नावावर जमा व्हायला हवं.

रेवा_क
त्याच्या नावावर जरूर करा, मीही करते. तळाच्या नावावर करू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये ओकिनावातल्याच हेनोकोला, फुतेन्माच्या जागी होणाऱ्या नव्या तळासाठी समुद्रात भराव घालण्यावर सार्वमत झालं, सुमारे ७२ टक्के मतं विरोधात पडली. काम थांबलं नाही. फुतेन्मा परत द्यायचं १९९६ मध्येच ठरलं होतं. तळ अजून तिथेच आहे आणि कुंपणापलीकडे ती शाळाही.