पोस्टग्रेस अपग्रेड: डॉक्युमेंटेशन कमी पडतं की आपणच वाचत नाही?

जागता_पहारा
पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन भारी आहे असं जो तो म्हणतो, मीही म्हणायचो, पण अपग्रेडच्या वेळी नेमकं जिथे ओरडायला हवं तिथे ते पुटपुटतं असं माझं मत झालंय. आवृत्ती 13 चा सपोर्ट नोव्हेंबर 2025 ला संपला म्हणून आम्ही 17 वर गेलो. पीजी-अपग्रेड हे आवृत्ती बदलायचं टूल लिंक मोडमध्ये चालवलं, त्यात डेटा कॉपीच होत नाही त्यामुळे काही मिनिटांत झालं, सगळं हिरवं, मी घरी. सकाळी लोक कामावर आले आणि सीपीयू शंभर टक्के. एरवी डोळ्याची पापणी लवायच्या आत येणारी क्वेरी संपायचं नाव घेईना. क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन लावलं तर प्लॅनर, म्हणजे क्वेरीचा मार्ग ठरवणारा भाग, लाखो ओळींच्या टेबलावर बिनधास्त नेस्टेड लूप (एकेका ओळीसाठी पुन्हा पुन्हा शोध) मारतोय, कारण ज्यावरून तो अंदाज बांधतो ते टेबलांचं स्टॅटिस्टिक्स रिकामं. 17 पर्यंत पीजी-अपग्रेड ते सोबत नेतच नाही. आणि हे कुठे लिहिलंय? त्याच्या पानावर पायऱ्यांची लांबलचक यादी आहे, तिच्या शेवटाकडे, सर्व्हर चालू करून झाल्यावरच्या भागात. म्हणजे माणूस दमून "झालं एकदाचं" म्हणतो तिथे.

रोलबॅक_नाही
पण पीजी-अपग्रेड संपताना स्वतःच स्क्रीनवर सांगतं ना राव! स्टॅटिस्टिक्स आलेलं नाही, नवा सर्व्हर चालू झाला की ते पुन्हा गोळा करायला व्हॅक्यूम-डीबी अनालाइझ-इन-स्टेजेस लावा, अख्खी कमांड छापून देतं. अजून काय करायचं त्यांनी, घरी येऊन चालवायची?

जागता_पहारा
सांगतं, पण कसं? शब्द आहे "कन्सिडर". चालवायचा विचार करा! जे नाही केलं तर सकाळी सिस्टिम झोपते त्याला विचार करा म्हणतात? शिवाय आमचं सगळं स्क्रिप्टमधून चाललं, आउटपुट लॉग फाइलमध्ये गेलं. एक्झिट कोड शून्य, म्हणजे चूक नाही, असा आला की लॉग कोण उघडतं.

रोलबॅक_नाही
मग लॉग न उघडणारा दोषी की लॉग लिहिणारा? नाचता येईना अंगण वाकडं.

सिलेक्ट_तारा
रोलबॅक, शब्दाचा मुद्दा इतका उडवून लावू नकोस. "कन्सिडर" त्यांनी ठेवला असेल कारण एखादा डेटाबेस इतका छोटा असतो की फरक पडत नाही, पण पान वाचणारा बहुतेक वेळा मोठा डेटाबेस घेऊनच बसलेला असतो. आणि ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे मागे आपोआप स्टॅटिस्टिक्स ताजं ठेवणारी प्रक्रिया, सांभाळून घेईल ही जी समजूत आहे तीही अर्धीच खरी, ज्या टेबलात बदलच होत नाहीत, जुना इतिहास वगैरे, त्याकडे ते वळतच नाही. आमच्याकडे असं एक टेबल आठवडाभर तसंच पडून होतं, महिनाअखेरीचा रिपोर्ट अडकला तेव्हा कळलं.

माझी तक्रार वेगळी आहे. 13 वरून 17 वर जायचं तर 14, 15, 16, 17 अशा चारही रिलीज नोट्स वाचाव्या लागतात. 14 मध्ये पासवर्ड साठवायची डिफॉल्ट पद्धत स्क्रॅम झाली, 15 मध्ये नव्या डेटाबेसच्या पब्लिक स्कीमात (सगळ्यांच्या सामायिक भागात) वाटेल त्याने टेबल करायची मुभा गेली, 17 मध्ये ओल्ड-स्नॅपशॉट-थ्रेशोल्ड ही सेटिंगच काढली, जुनी कॉन्फिग फाइल उचलून टाकली तर सर्व्हर उठतच नाही. "इथून तिथे जाताय तर एवढं बघा" असं एक पान मिळायला काय हरकत आहे?

अठरा_पगड
असं पान झालं तर लोक तेवढंच वाचतील. 15 चंच घ्या, जुना क्लस्टर (एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस) अपग्रेड केला तर पब्लिकचे आधीचे हक्क तसेच राहतात, बदल नव्याने बनवलेल्या डेटाबेसला लागतो. एका ओळीच्या सारांशात "पब्लिक बंद झालं" एवढंच आलं असतं आणि लोक निर्धास्त बसले असते की आता आपण सुरक्षित. चार नोट्समध्ये दरवेळी मायग्रेशनचा भाग वरच असतो, तेवढा वाचायला एक दुपार पुरते. चार वर्षं अपग्रेड टाळलं त्याची एक दुपार.

नवा_गडी
मला तर सर्च केलं की पहिलं पान 9 च्या कुठल्यातरी आवृत्तीचं येतं, मी एकदा तेच वाचून रिकव्हरी-कॉन्फ ही रिकव्हरीच्या सेटिंग्जची फाइल बनवत बसलो होतो 😅

अठरा_पगड
12 पासून ती फाइल गेली. नुसती डेटा डिरेक्टरीत पडलेली दिसली तरी सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. पानाच्या वर आवृत्त्यांची ओळ असते, आधी तिथे बोट ठेवायचं, मग खाली वाचायचं.

रोलबॅक_नाही
आणि नोट्स मेजर, म्हणजे मोठ्या आवृत्तीलाच वाचायच्या असंही नाही. 14.4 आठवतंय? जून 2022. 14.0 ते 14.3 मध्ये इंडेक्स कॉन्करंटली (टेबलाचं काम न थांबवता) बनवला असेल तर तो बिघडलेला असू शकत होता, नुसती बायनरी बदलून रीस्टार्ट करणाऱ्यांचे तसले इंडेक्स तसेच राहिले, रीइंडेक्स करा असं नोट्समध्ये लिहिलेलं असूनही. आणि जागता, 18 मध्ये पीजी-अपग्रेड बरंचसं स्टॅटिस्टिक्स सोबत नेतं. तू 17 ऐवजी 18 घेतलं असतंस तर हा धागाच निघाला नसता.

जागता_पहारा
बघा! म्हणजे त्यांनाही ते खटकत होतंच, शेवटी कोडमध्येच दुरुस्त केलं. माझा मुद्दा तुझ्याच तोंडून आला. 18 नवं म्हणून थांबलो होतो, सप्टेंबर 2025 चं ते.

सिलेक्ट_तारा
"बरंचसं" म्हणालाय तो, सगळं नाही. क्रिएट स्टॅटिस्टिक्स कमांडने बनवलेलं एक्स्टेंडेड स्टॅटिस्टिक्स राहतंच मागे.

जागता_पहारा
बरं, आज टेस्ट मशीनवर आमच्या 17 ची कॉपी घेऊन 18 वर पीजी-अपग्रेडचा नुसता चेक, म्हणजे आधीची तपासणी, चालवून पाहिला. पहिल्याच फटक्यात थांबला: जुन्या क्लस्टरला चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचे आकडे) नाहीत, नव्याला आहेत.

अठरा_पगड
18 मध्ये नवा क्लस्टर बनवणारं इनिट-डीबी चेकसम आपोआप चालू करतं. एकतर नवा क्लस्टर चेकसमशिवाय बनव, नाहीतर जुना बंद करून पीजी-चेकसम्सने चालू करून घे, मोठा असेल तर या दुसऱ्या उपायाला वेळ लागेल. 18 च्या नोट्समध्ये मायग्रेशनच्या भागात आहे हे.

जागता_पहारा
सापडलं. यावेळी लॉग उघडून बसलोय.