शेजारचे कुत्रे रोज आमच्या अंगणात येऊन घाण करतात, काय करू?

मातीतली_मी:
नमस्कार मंडळी, वैतागून लिहितेय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या अंगणाला जाळीचं कुंपण आहे आणि शेजारी दोन कुत्रे, एक मोठा काळा आणि एक छोटा पांढरा. सकाळी साडेसहाला ते लोक त्यांना मोकळं सोडतात नि स्वतः आत जातात की ही जोडी थेट आमच्याकडे. मोठा वाफ्यात येतो, दोन-तीन गिरक्या घेतो, नेमकी मी आदल्या दिवशी भुसभुशीत केलेली जागा शोधून तिथेच बसतो, आणि उरकलं की मागच्या पायांनी माती अशी भिरकावतो की रोपांची पानं बरबटून जातात. छोटा काही करत नाही, फक्त गेटच्या खांबावर पाय वर करतो. पण रोज. त्याच खांबावर.

तिखट टाकून झालं, पाऊस आला नि वाहून गेलं. लिंबाच्या साली टाकल्या, दोन दिवसांत वाळून कडकडीत. लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर मोठ्याने एका बाटलीवरच पाय वर केला (हसा आता). शेजारणीला एकदा म्हटलं तर म्हणे "अहो तो कुणाला काही करत नाही हो". मी कुठे म्हटलं चावतो म्हणून! मला कुत्री आवडतात, पण दुसऱ्याच्या कुत्र्याची शी रोज सकाळी खुरप्याने उचलायची म्हणजे अति होतं. आता कुणीतरी डांबरगोळ्या टाकायला सांगितलंय, टाकू का?

भूभूची_आई:
ताई, डांबरगोळ्या नको, प्लीज!! त्यात बहुतेक वेळा नॅप्थलीन असतं, कुत्र्याने एखादी जरी गिळली तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, आणि लहान मुलं ती गोळी म्हणून तोंडात घालतात ते वेगळंच. तिखटही बंद करा, नाकाडोळ्यात गेलं की बिचाऱ्याची आग आग होते आणि उपयोग तर तुम्ही बघितलाच. वापरलेली कॉफी पावडर पसरा असंही कुणीतरी सांगेलच, तेही नको, कॅफीन कुत्र्यांना विषारी असतं.

बाटलीचं म्हणाल तर कुत्र्याला लाल रंग धड दिसतही नाही, त्याला मुख्यत्वे निळं नि पिवळं कळतं. त्याच्या दृष्टीने ती मळकट रंगाची एक नवी उभी वस्तू, म्हणजे सही करायला जागाच :)

खटपट्या:
वासबीस सोडा हो, ते शिरतात कुठून ते आधी शोधा. रात्री कुंपणाच्या आतल्या कडेने माती ओली करून फळीने सपाट करून ठेवा, सकाळी पंजे कुठून सुरू होतात ते बघा. जाळीच्या तारेत केस अडकलेले सापडले तर शोध संपला. आमच्याकडे मी महिनाभर कुंपणाची उंची वाढवत बसलो होतो आणि पठ्ठ्या कोपऱ्यातल्या खांबाखालून आडवा होऊन सरपटत यायचा, एवढीशी फट, माझा हात जाईना त्यातून.

उपाय असा की दोन फूट रुंदीची जाड जाळी घ्या, मधोमध काटकोनात वाकवा, एक फूट उभी कुंपणाला बांधा आणि एक फूट कुंपणाच्या बाहेर जमिनीवर आडवी पसरून वर माती टाका. कुत्रा उकरतो ते अगदी कुंपणाच्या बुडाशी, तिथे नखाला जाळी लागते, आणि एक फूट मागे सरकून तिथून बोगदा खणावा हे सहसा डोक्यात येत नाही.

मातीतली_मी:
@खटपट्या दादा, पण कुंपणाच्या बाहेर म्हणजे शेजारणीची जागा ना? आधीच बोलणं जेमतेम.

खटपट्या:
अरे हो की, ते लक्षातच नाही आलं. मग तुमच्या बाजूने सरळ खाली फूटभर चर खणून जाळी उभी गाडा. कष्ट जास्त आहेत पण चालतं. गेटखालीही बघा, तिथे चपटे दगड किंवा फरशीचा तुकडा.

आळशी_माळी:
मी ते कुत्रे पळवायचं आवाजाचं यंत्र लावलेलं. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीच्याही वर, त्यामुळे आपल्याला गप्प वाटतं नि त्याला कर्कश. पहिले चार दिवस एकदम जादू. मग सवय झाली त्याला, यंत्रासमोर बसून कान खाजवायचा. त्यापेक्षा हालचाल झाली की आपोआप पाणी उडवणारा फवारा भारी निघाला, पण तो माणूस आणि कुत्रा यात फरक करत नाही, सकाळी पेपर आणायला गेलो नि नखशिखांत आंघोळ.

बाकी एक विचारू? वाफ्यात हाडांचं खत घातलंय का? असेल तर तुम्हीच आमंत्रण दिलंय :D

मातीतली_मी:
अगं बाई. घातलंय. आणि आता आठवतंय, मोठा वाफ्यात यायला लागला तो त्यानंतरच, आधी नुसता कडेकडेने फिरून जायचा.

भूभूची_आई:
झालं मग, त्याला वाटतंय खाली काहीतरी पुरलंय. वरची माती काढून बदला, आणि रोपं मोठी होईपर्यंत वाफ्यावर जाळी आडवी टाकून ठेवा, पायाखाली तार आली की त्यांना आवडत नाही. शी उचलताना हातमोजे घाला हं, त्यातल्या जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात.

खांबाचं असं की जुना वास आहे तोवर तो येणारच, आणि नुसत्या पाण्याने वास जात नाही. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा. अमोनियाचं काही वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच, त्याला वाटेल दुसरं कुणीतरी येऊन गेलं आणि अजून जोमाने करेल.

आणि शेजारणीचं बोलते कारण मी त्या बाजूची आहे. आमचा बोका, म्हणजे कुत्राच, नाव बोका आहे, शेजाऱ्यांकडे जाऊन हेच करायचा आणि मला खरंच माहीत नव्हतं. तक्रार झाली तेव्हा मीसुद्धा "तो नाही हो असा" म्हटलेलं. मग शेजारच्या काकूंनी मोबाइलवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ दाखवला, काही न बोलता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "कुत्र्याला आवरा" म्हटलं की माणूस वाजवायलाच उठतो, त्यापेक्षा "सकाळची पहिली दहा मिनिटं पट्टा लावून फिरवाल का" असं नेमकं मागा. आणि तेव्हा रागाच्या भरात जाऊ नका, खुरपं हातात घेऊन तर मुळीच नको.

मातीतली_मी:
अपडेट देते. माती सपाट करून ठेवली होती, पंजे पाण्याच्या टाकीमागून सुरू होतात, तिथे कुंपणाची जाळी खालून उचललीय आणि तारेत पांढरे केसही सापडले. तात्पुरते दगड लावलेत, चर रविवारी खणेन. आज सकाळी मोठा पलीकडून दगडांचा वास घेत बराच वेळ उभा होता, मग माझ्याकडे बघून शेपटी हलवली मेल्याने. व्हिडिओ काढून ठेवलाय कालचा, उद्या शेजारणीकडे जाते. पण छोटा अजून येतोय, दगड लावूनसुद्धा! गेटच्या सळयांमधून सरळ चालत येतो, अंग चोरायचीही गरज नाही त्याला. त्या सळयांना खालून फूटभर काय बांधू, कुणी केलंय का?