मदत हवी आहे: मावशीसाठी प्लाझ्मा एक्स्चेंज की आल्ब्युमिन डायलिसिस?

टीबीच्या औषधांमुळे मावशीचं यकृत बंद पडत चाललंय. औषधं सुरू होऊन पाच आठवडे झाले होते. आधी मळमळ, मग डोळे पिवळे. आम्ही ‘पित्त असेल’ म्हणत चार दिवस घालवले, ते आता फार टोचतं. औषधं लगेच बंद केली, पण परवापासून ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते आणि हात पुढे धरायला सांगितलं की पंजे फडफडतात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वाढला की वाईट) ३.८ आहे, एनएसी (एन-ॲसिटिलसिस्टीन, यकृताला मदत करणारं औषध) सलाईनमधून चालू आहे.

डॉक्टर म्हणतात, प्रत्यारोपणाची तयारी ठेवा, तोवर यकृताला कृत्रिम आधार देऊ. मला समजलं ते असं: आल्ब्युमिन डायलिसिसमध्ये साध्या डायलिसिसने न निघणारी, प्रथिनाला चिकटलेली विषारी द्रव्यं निघतात. प्लाझ्मा एक्स्चेंजमध्ये प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भागच, काढून दात्यांचा देतात, त्यामुळे रक्त गोठवणारे घटकही मिळतात. २०१६च्या १८२ रुग्णांच्या चाचणीत मोठ्या प्रमाणातल्या प्लाझ्मा एक्स्चेंजने जगण्याचं प्रमाण वाढलं, पण फायदा मुख्यतः प्रत्यारोपण न झालेल्यांना झाला. आल्ब्युमिन डायलिसिसबद्दल इतका ठोस पुरावा मला सापडला नाही.

कुणाच्या घरी औषधांमुळे यकृत बंद पडल्यावर यातलं काही केलंय का? किती वेळा करावं लागलं, शुद्ध कधी सुधारली? आयएनआर सुधारलेला दिसला तरी तो बाहेरच्या प्लाझ्मामुळे असू शकतो ना, मग यकृत खरंच सावरतंय हे डॉक्टर कशावरून ठरवतात? आणि मावसभाऊ यकृत द्यायला तयार आहे, त्याच्या तपासण्या आत्ताच सुरू कराव्यात का? काढे-चूर्णं कृपया सुचवू नका.