चांगला थेरपिस्ट: ऐकण्यापलीकडचे काही

चांगल्या थेरपिस्टने मध्ये न बोलता, शांतपणे ऐकून घ्यावे, असे म्हटले जाते आणि ते योग्यच आहे; अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनीही १९५७ साली समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा यांवर भर दिला होता. मात्र तेवढे पुरेसे नाही, असे मला वाटते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील सहकार्याची जी मांडणी केली, तिच्यात विश्वासाच्या नात्याबरोबरच उद्दिष्टांविषयी आणि ती गाठण्यासाठी करायच्या कामांविषयी थेरपिस्ट आणि उपचार घेणारी व्यक्ती या दोघांचे एकमत असणेही अपेक्षित आहे. त्यामुळे आपण नेमके कशासाठी भेटत आहोत, हे काही सत्रांनंतरही उमगत नसेल, तर तसे निःसंकोच विचारावे. थेरपिस्टची खरी पारख तिथेच होते: ‘तुमचे मागच्या वेळचे बोलणे मला लागले’ असे ऐकल्यावर जो स्वतःचा बचाव करत बसत नाही, उलट नेमके काय खुपले हे समजून घेतो, त्याच्याजवळ मन मोकळे करणे पुढेही शक्य होते. (प्रत्येक गोष्टीला मान डोलावणारा थेरपिस्ट आपल्याला सुखावतो खरा, पण त्याने फारसे काही हलत नाही.) शिवाय गोपनीयतेच्या मर्यादा, विशेषतः जिवाला धोका असल्यास ती बाजूला ठेवावी लागू शकते ही बाब, त्याने सुरुवातीलाच सांगायला हवी.