४१२ जीन ट्री, रंग सगळीकडे एकच हवेत: हाताने किती करू?

पारंबी_वडोदरा
वनस्पतींच्या ४१२ जीन फॅमिलींचे वंशवृक्ष न्यूइक फाइलींत (झाड कंसांत लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइली) तयार आहेत, प्रत्येकात ४० ते ६० टोकं, एक टोक म्हणजे एका जातीतला एक जीन. गवतं हिरवी, शेंगवर्गीय तपकिरी, बाकी करडी. ७० च्या खालचे बूटस्ट्रॅप (फांदी किती भरवशाची ते सांगणारे शंभरपैकी आकडे) लपवायचे, रूट म्हणजे झाडाचं मूळ अँबोरेलावर (फुलझाडांत सगळ्यांत आधी वेगळी झालेली वनस्पती). फिगट्री या झाडं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकेक उघडून चार दिवसांत ३७ केली. काल सर लॅबमध्ये आले, पडद्याकडे बघत म्हणाले, "यात गवतं कुठली?" सरांना हिरवा-तपकिरी वेगळा दिसत नाही, हे मला दोन वर्षांनी कळलं! आता निळा-नारिंगी, म्हणजे ३७ पुन्हा पहिल्यापासून. दांडिया बाजारातून घरी शेव उसळ आली होती, तीही गिळवेना. प्रोग्रॅमिंगच्या भाषांपैकी मला आर जेमतेम येतं, पायथन अजिबात नाही.

कोरडी_फांदी
रंग झाडात ठेवलास तिथंच चुकलं. जात आणि गट असा एक तक्ता बाहेर ठेव. आरमधलं जीजीट्री हे झाडं काढायचं पॅकेज तो तक्ता झाडाला जोडतं, मग लूप लावून (त्याच आज्ञा प्रत्येक फाइलवर आपोआप) ४१२ पीडीएफ. रंग बदलायचा तर एक ओळ बदलायची. तुझ्या टोकांवर जातीच्या नावापुढे अंडरस्कोर आणि जीनचा क्रमांक असणार. तसं असेल तर पहिल्या अंडरस्कोरच्या आधीचा भाग वेगळा काढलास की जात मिळते. कल्पना जुनीच आहे, २००६ सालच्या ट्रीडाइन या प्रोग्रॅममध्येही माहिती वेगळ्या फाइलीत ठेवून झाडांना जोडायची सोय होती.

सयाजीगंज_७
आर नको असेल तर फिगट्रीच पुरेल. सजवलेली एक फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून बघा. खाली 'फिगट्री' नावाचा ब्लॉक असतो, त्यात सगळ्या सेटिंग असतात. टोकांचे रंग वर नावांशेजारी चौकटी कंसात. स्क्रिप्टने हे बाकीच्या फाइलींत घाला आणि कमांड लाइनवरून पीडीएफ काढा. माऊसला हातही लागत नाही.

मुळाशी_जा
रंगांचं होईल हो. रूटचं काय? न्यूइकमध्ये बूटस्ट्रॅप नोडच्या (फांद्या फुटतात तो सांधा) नावाच्या जागी लिहितात, पण आकडा असतो फांदीचा. रूट हलवला की जुन्या आणि नव्या रूटमधल्या वाटेवर वरचं खाली होतं. आकडा नोडलाच चिकटून राहिला तर भलत्या फांदीवर जातो. चित्र देखणं, माहिती खोटी. २०१७ साली एका शोधनिबंधात बऱ्याच प्रचलित साधनांत हा घोळ दाखवला होता. आरच्या एप पॅकेजमध्ये रूट करताना 'एजलेबल' हा पर्याय चालू करा, ते आपोआप होत नाही. आधी सहा टोकांच्या झाडावर हाताने ताडून बघा. आणि ज्या फॅमिलीत अँबोरेलाच्या जीनच्या दोन प्रती आहेत, तिथे रूट कुठे देणार?

पारंबी_वडोदरा
सहा टोकांचं झाड केलं. एजलेबल बंद असताना ९८ चा आकडा खरंच शेजारच्या फांदीवर गेला. हाताने केलेली ३७ तपासायला आता भीती वाटतेय. जीजीट्रीचा लूप मात्र चालला, सगळी झाडं निळी-नारिंगी, मधे चहासुद्धा झाला नाही. अँबोरेलाच्या दोन प्रती २९ झाडांत निघाल्या. ती बाजूला काढलीत, सोमवारी सरांपुढे ठेवते. आणि ते ९८ चं प्रकरणही सांगावंच लागेल, कारण त्या ३७ पैकी दोन चित्रं मागच्या महिन्याच्या पोस्टरवर गेलीत.

मुळाशी_जा
आधी ती दोनच तपासा. आजच.