करसवलतीची झळ कोणाला बसते?
शहराने एखाद्या उद्योगाला करसवलत नाकारली तर तो शेजारच्या शहरात जाईल आणि हातचा करही जाईल, हा सवलतीच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा अगदीच निराधार नाही. पण सवलतीचा निर्णय घेणाऱ्या नगर परिषदेच्या समितीत मत देणारे आणि त्या मताची झळ सोसणारे नेहमी एकच नसतात, ही बाजू चर्चेत आलेली नाही. अमेरिकेत मालमत्ताकराचा मोठा वाटा बऱ्याच ठिकाणी शालेय जिल्ह्यांकडे, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांकडे, जातो आणि हे जिल्हे अनेकदा शहर प्रशासनापासून स्वतंत्र असतात, त्यामुळे सवलत शहर देते आणि तूट शाळांच्या अंदाजपत्रकात उमटते. तिथल्या सरकारी लेखा मानक मंडळाच्या २०१५ सालच्या ७७व्या मानकानुसार, दुसऱ्या संस्थेने दिलेल्या सवलतीमुळे आपला किती कर बुडाला, हे अशा जिल्ह्यांना वार्षिक हिशेबाच्या टिपांमध्ये दाखवावे लागते. सवलत देणाऱ्या शहराला तर माफ केलेला कर परत वसूल करण्याची तरतूद आहे का, हेही नोंदवावे लागते. (टिपा वाचतो कोण, हा भाग निराळा.)

बांधकाम नियमांतली सूट, उदाहरणार्थ वाढीव मजले किंवा कमी पार्किंग, मात्र या मानकात येत नाही, कारण तिथे कर माफ होत नाही. म्हणून करसवलत आणि नियमांतली सूट असे दोन्ही प्रस्ताव एकत्र आले, तर समितीने नियमांतल्या सुटीचे मोल वेगळे काढून मागावे.