हर्णैकडचे मिस्त्रीकाका गेले, आठवणी सांगा

दापोली-हर्णै रोडवरचे आमचे मिस्त्रीकाका गेले हो. लुना असो की बोटीचं डिझेल इंजिन, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचे. आठवणी लिहा ना, नातवंडांना वाचून दाखवायच्यात.

> १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सगळ्यांची इंजिनं त्यांच्याकडेच खोलायला, खाऱ्या हवेने नटबोल्ट पार जाम झालेले, काका रात्रभर डिझेलमध्ये भिजत ठेवायचे, जोर लावू नको म्हणायचे, आणि एवढ्या गडबडीतपण संध्याकाळी लेकीचा अभ्यास घ्यायला घरी जायचेच.

> गणपतीत आरती झाल्याशिवाय पाना हातात घेत नसत, मग रात्री बाराला बोलवा, येणार. फार मोठा माणूस.

> ग्रीसचे हात धुतल्याशिवाय नातीला उचलायचे नाहीत. धाकटा त्यांच्याकडेच शिकलाय, यंदा कामं त्यालाच देऊया.